पिप्पो इंझागी: आधी कळस, मग पाया

२३ सप्टेंबर २०१४ ची एक मॅच आहे, एम्पोली विरुद्ध मिलान, एम्पोलीच्या घरच्या मैदानावर, स्कोअर २-२. सीझनच्या सुरुवातीची साधी मॅच, कोणी मुद्दाम लक्षात ठेवावी असं त्यात फार काही नाही, पण मला ती राहून राहून आठवते ती दोन बाकांवरच्या दोन माणसांमुळे. एम्पोलीच्या बाकावर माउरिझिओ सार्री, वय ५५. हा माणूस प्रोफेशनल फुटबॉल कधी खेळलाच नाही, बँकेत नोकरी करायचा आणि नोकरी सांभाळून हौशी टीमना शिकवायचा, इटलीतल्या पार आठव्या पायरीवरच्या लीगपासून सुरुवात करून २४ वर्षं एकेक पायरी चढत तो त्या वर्षी पहिल्यांदा सेरी आ मध्ये, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये पोचला होता. आणि मिलानच्या बाकावर आपला पिप्पो, फिलिप्पो इंझागी, मिलानचाच जुना लाडका स्ट्रायकर, वय ४१, सीनियर टीमचा कोच होऊन त्याला जेमतेम साडेतीन महिने झालेले आणि टीम कुठली तर थेट एसी मिलान, सात वेळा युरोपचा कप उचललेला क्लब. पहिल्या अर्ध्या तासातच एम्पोली २-० ने पुढे गेलं होतं. मग तोरेसने एक गोल काढला (मिलानसाठीचा त्याचा पहिला आणि शेवटचा), होंडाने दुसरा काढला आणि मिलानची अब्रू कशीबशी वाचली.

मला जे म्हणायचंय ते मी आधीच सांगून टाकतो. मोठा खेळाडू होता म्हणून मोठ्या क्लबची खुर्ची त्याला थेट देऊन टाकायची ही जी पद्धत पडली आहे ना, ती बंद व्हायला पाहिजे. क्लबचं त्यात नुकसान होतं ते होतंच, पण त्या खेळाडूचं त्याहून जास्त होतं, आणि सार्रीसारखे जे बिननावाचे लोक २०-२० वर्षं रांगेत उभे असतात त्यांच्यावर तर सरळ अन्यायच होतो. आणि मी हे पिप्पोच्या विरोधात म्हणत नाहीये. उलट पिप्पोवर जीव आहे म्हणूनच म्हणतोय.

जीव का आहे ते सांगतो. २३ मे २००७, अथेन्स, चॅम्पियन्स लीगची फायनल, मिलान विरुद्ध लिव्हरपूल, आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा. घरातले सगळे झोपलेले, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून मी एकटा बघत बसलेलो. दोनच वर्षांपूर्वी इस्तंबूलच्या फायनलमध्ये याच लिव्हरपूलने ३-० वरून मॅच फिरवली होती, तेव्हा पिप्पो टीममध्ये नव्हता. अथेन्सला मात्र ३३ वर्षांचा पिप्पो पहिल्यापासून मैदानात. हाफटाइमच्या तोंडावर पिर्लोची फ्रीकिक याच्या अंगाला लागून दिशा बदलून आत गेली, मग ८२ व्या मिनिटाला काकाचा पास, हा ऑफसाइडच्या रेषेवरून (पास सुटताना समोरच्या शेवटच्या डिफेंडरच्या पुढे असलं की ऑफसाइड, गोल बाद) अगदी सुताने सुटला, गोलकीपर रेनाला चकवून बाजूने बॉल आत सरकवला. दोन गोल, मॅच २-१. ज्याला ड्रिब्लिंग धड येत नाही, लांबून शॉट मारता येत नाही, हेडिंगही काही खास नाही असं लोक म्हणायचे त्याने मिलानला युरोप जिंकून दिलं. हा मुलगा जन्मालाच ऑफसाइडमध्ये आला असणार, असं मँचेस्टर युनायटेडचा कोच फर्ग्युसन म्हणाल्याचं सांगतात, आणि ते खरं मानलं तरी मला तो अपमान वाटत नाही. पूर्ण ९० मिनिटं त्या रेषेवर चालायचं, दहा वेळा झेंडा वर जाणार हे माहीत असून अकराव्यांदा पुन्हा पळायचं, आणि त्यासाठी समोरच्या प्रत्येक डिफेंडरचा अभ्यास करून यायचं, ही तपश्चर्याच आहे. मिलानसाठी ३०० मॅच आणि १२६ गोल असे उगाच होत नाहीत. १३ मे २०१२ ला शेवटच्या मॅचमध्ये बदली म्हणून आला आणि नोव्हाराविरुद्ध जिंकून देणारा गोल करूनच गेला.

पण याच खेळाडूची आणखी एक आठवण आहे आणि माझ्या मते सगळा मुद्दा तिच्यात आहे. २००६ चा वर्ल्ड कप, इटली विरुद्ध झेक रिपब्लिक. शेवटची काही मिनिटं, पिप्पो एकटा बॉल घेऊन निघाला, समोर फक्त गोलकीपर चेक, आणि बाजूने सिमोने बारोने जीव तोडून पळत आला, पूर्ण मोकळा, नुसता पास दिला असता तर रिकाम्या जाळीत गोल होता. पिप्पोने त्याच्याकडे बघितलंही नाही. चेकला वळसा घातला आणि स्वतः गोल केला. वर्ल्ड कपमधला त्याचा एकमेव गोल. स्ट्रायकर म्हणून मी त्याला एका शब्दाने दोष देणार नाही, स्ट्रायकर असाच पाहिजे, ज्याला गोलशिवाय काही दिसत नाही. पण कोचचं काम म्हणजे दिवसरात्र त्या बारोनेचा विचार करणं. जो खेळत नाहीये त्याचा, जो रुसलाय त्याचा, जो पळून पळून दमलाय आणि ज्याला कधीच बॉल मिळत नाही त्याचा. हे शिकता येतं, नक्की येतं, पण शिकायला वेळ लागतो आणि चुका करायला जागा लागते, आणि ती जागा सान सिरोमध्ये ७०-८० हजार लोकांसमोर मिळत नाही.

इटालियन भाषेत यासाठी एक छान शब्द आहे, गावेत्ता. शिपायाचा जेवणाचा पत्र्याचा डबा. अमुक माणसाने गावेत्ता केली म्हणजे तो साध्या शिपायाच्या डब्यात जेवत जेवत वर आला. आपल्याकडे याला उमेदवारी करणं म्हणतात, निवडणुकीतली नव्हे, जुन्या अर्थाची, म्हणजे एखाद्या वकिलाकडे किंवा सुताराकडे पोरगं राहायचं, आधी नुसतं बघायचं, मग हलकी कामं करायचं आणि कित्येक वर्षांनी त्याच्या हातात खरं काम यायचं तशी. फुटबॉलमध्ये इटलीएवढी कोचिंगची परंपरा फार थोड्या देशांकडे आहे, फ्लोरेन्समध्ये कोव्हेर्चानोला त्यांची अख्खी शाळा आहे, तिथून लायसन्स घ्यावं लागतं, प्रबंध लिहावा लागतो, आणि अशा देशातल्या सगळ्यात मोठ्या क्लबांनीच उमेदवारीची ही रीत मोडली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मिलानने काय केलं बघा. २०१२ मध्ये त्यांच्याकडचा पैसा आटत चालला होता, इब्राहिमोविच आणि थिआगो सिल्वा पॅरिसला विकले, नेस्ता, गात्तुझो, सेडोर्फ, इंझागी, झांब्रोत्ता असे सगळे जुने एकाच उन्हाळ्यात गेले. टीम पोकळ झाली. जानेवारी २०१४ मध्ये कोच अलेग्रीला काढलं आणि सेडोर्फला आणलं, जो तोपर्यंत ब्राझीलमध्ये बोताफोगोकडून खेळत होता, म्हणजे खेळाडू म्हणून विमानात बसला आणि कोच म्हणून उतरला. पाच महिन्यांत त्यालाही काढलं आणि जून २०१४ मध्ये पिप्पोला बसवलं. पिप्पोने तोवर दोन वर्षं मिलानच्याच पोरांना शिकवलं होतं आणि चांगलं शिकवलं होतं, फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हिआरेज्जोची मोठी ज्युनियर स्पर्धा जिंकून दिली होती. तो रस्त्यावर होता, बरोबर रस्त्यावर होता! अजून तीन-चार वर्षं त्याला त्या रस्त्याने चालू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण क्लबला कोच नको होता, ढाल हवी होती. स्ट्रायकर बालोतेल्लीला विकायचं, फुकटात मिळतील ते खेळाडू आणायचे आणि लोक चिडू नयेत म्हणून बाकावर लोकांचा लाडका बसवायचा. अथेन्सच्या हिरोला शिव्या घालायला कोणाची जीभ रेटणार? पहिली मॅच लाझिओला ३-१, दुसरी पार्माला ५-४, दोन आठवडे सगळे खूश होते. मग डिसेंबर-जानेवारीत गाडी घसरायला लागली ती लागलीच, टीमला ना धड आकार ना सवय, मिलान १० व्या नंबरवर राहिलं आणि जून २०१५ मध्ये पिप्पोला घरी पाठवलं. पोकळ टीम कोणी बांधली हे कोणी विचारलं नाही, सगळं खापर कोचच्या डोक्यावर. पुढे मिहायलोविच, मग पुन्हा ज्युनियर टीममधून ब्रोक्की, मग मोन्तेल्ला, मग गात्तुझो. चार वर्षांच्या आत सहा कोच, त्यातले चार, सेडोर्फ, इंझागी, ब्रोक्की, गात्तुझो, हे कोच आन्चेलोत्तीच्या २००३ च्या मिलानच्या त्याच एका टीममधले.

आणि या चौघांत मिलानमध्ये त्यातल्या त्यात टिकला कोण तर गात्तुझो. त्याने २०१७-१८ ला टीम सहाव्या आणि २०१८-१९ ला पाचव्या नंबरवर आणली, चॅम्पियन्स लीग एका पॉइंटने हुकली. आता गात्तुझोने त्याआधी काय केलं होतं ते बघा. स्वित्झर्लंडमध्ये सियॉनला होता, पालेर्मोने काही आठवड्यांतच काढून टाकलं, ग्रीसमध्ये क्रीटच्या क्लबला होता, मग तिसऱ्या डिव्हिजनमध्ये पिसाला जाऊन २०१६ मध्ये त्यांना वर काढलं. लाथा खाऊन आला होता. मिलानमधली त्याची पहिलीच मॅच बेनेव्हेंतोशी २-२ सुटली, अगदी शेवटच्या क्षणी बेनेव्हेंतोच्या गोलकीपरने पुढे येऊन हेडरने गोल केला, आणि सीझनमधला त्यांचा पहिला पॉइंट मिळवला, आख्ख्या इटलीत मिलानची थट्टा झाली. नवखा कोच तिथेच मोडून पडला असता, गात्तुझो नाही मोडला, कारण त्याने याहून वाईट दिवस आधी बघितले होते. मी एकाच उदाहरणावर सिद्धांत उभा करत नाहीये, पण त्याच क्लबात, त्याच पैशाच्या तंगीत, त्याच पिढीतल्या चार माणसांत उमेदवारी केलेला माणूस पुढे जातो याला काहीतरी अर्थ आहे.

लोक लगेच ग्वार्दिओलाचं नाव घेतात. तोही नवीनच होता ना २००८ मध्ये बार्सिलोनाचा कोच झाला तेव्हा? नवीन होता, पण त्याआधी एक पूर्ण वर्ष बार्सिलोनाची बी टीम घेऊन तो स्पेनच्या चौथ्या डिव्हिजनमध्ये, छोट्या छोट्या गावांच्या मैदानांवर फिरत होता आणि त्या टीमला त्याने वर काढलं होतं. झिदानही रेआलच्या बी टीमबरोबर होता. या क्लबांची नक्कल करणाऱ्यांनी माणूस आणि नाव उचललं, मधली पायरी विसरले.

आता मी ज्या तुलनेवर सगळ्यात जास्त विचार केलाय ती सांगतो, आणि ती पिप्पोच्या घरातलीच आहे. पिआचेन्झाजवळच्या एकाच घरात दोन भाऊ वाढले, फिलिप्पो १९७३ चा, सिमोने १९७६ चा, दोघेही स्ट्रायकर. थोरल्याचे इटलीकडून ५७ मॅचमध्ये २५ गोल, धाकट्याच्या मॅच फक्त ३ आणि गोल शून्य. धाकटा वाईट होता असं नाही, लाझिओकडून लीग जिंकला, मार्च २००० मध्ये मार्सेलला एकाच मॅचमध्ये चार गोल मारले, पण आयुष्यभर तो पिप्पोचा भाऊच राहिला. २०१० मध्ये बूट काढून ठेवले तेव्हा त्याला सेरी आ ची टीम द्यायला कोणी आलं नाही. मग तो लाझिओच्या पोरांना शिकवत बसला. सहा वर्षं! ज्युनियर कप जिंकला, परत जिंकला, तरी कोणी मोठी बातमी केली नाही. एप्रिल २०१६ मध्ये रोमविरुद्ध डर्बी (एकाच शहरातल्या दोन क्लबांची मॅच) हरल्यावर लाझिओने कोच पिओलीला काढलं तेव्हा सीझन संपेपर्यंत तात्पुरता म्हणून सिमोनेला बसवलं. आणि तेव्हाही क्लबचा विचार काय होता तर उन्हाळ्यात बिएल्सा या नामांकित कोचला आणायचं आणि सिमोनेला खाली सालेर्नितानाला पाठवायचं. बिएल्साने सही केली आणि दोन दिवसांत राजीनामा दिला, म्हणून खुर्ची सिमोनेकडे राहिली. नशीब म्हणा हवं तर. पण नशिबाने दार उघडलं तेव्हा हा माणूस सहा वर्षं तयारी करून दाराशी उभा होता, हेही खरं आहे ना. लाझिओला कप मिळवून दिले, मग इंटर, एप्रिल २०२४ मध्ये मिलानलाच डर्बीत हरवून इंटरची विसावी लीग, २०२३ आणि २०२५ अशा दोन चॅम्पियन्स लीग फायनल. दोन्ही हरला, दुसरी तर ५-० अशी हरला, ते लपवायचं कारण नाही. पण दोनदा तिथवर जाणारे कोच किती आहेत?

दोघांचं रक्त एक, घर एक, खेळाचं वेड एक, पिप्पो तर उलट जास्त वेडा. फरक पडला तो क्रमाचा. धाकट्याकडे नाव नव्हतं म्हणून त्याला शिकायला वेळ मिळाला आणि थोरल्याला त्याच्या नावानेच तो वेळ मिळू दिला नाही.

पण यानंतर पिप्पोने जे केलं त्यासाठी मी त्याला अथेन्सपेक्षा जास्त मान देतो. मिलानमधून निघाल्यावर एक वर्ष घरी बसला आणि २०१६ मध्ये व्हेनेझियाला गेला. सेरी सी, तिसरी डिव्हिजन. वर्ल्ड कप जिंकलेला, दोन चॅम्पियन्स लीग जिंकलेला माणूस अशा लीगमध्ये गेला जिथे कित्येक मैदानांवर काही शे लोक जमतात. पहिल्याच सीझनमध्ये त्यांना सेरी बी मध्ये आणलं, पुढच्या सीझनला पाचवा नंबर आणि प्लेऑफ, म्हणजे वर जाण्यासाठीच्या जादा मॅच. म्हणजे जे काम २०१२ नंतर लगेच करायला हवं होतं ते त्याने डोक्यावर अपयश घेऊन, चार वर्षं उशिरा, सगळे बघत असताना केलं. आधी कळस मग पाया असं आपण म्हणतो तसं. आणि पाया पुरता घालून होतोय तोवर बोलोन्याने पुन्हा वर ओढलं, २०१८ मध्ये. २१ लीग मॅचमध्ये फक्त दोन विजय. घरच्या मैदानावर फ्रोसिनोनेकडून ४-० हरल्यावर काढला. तिथे चूक त्याची होती असं मला वाटतं, टीम इतकी मागे खेचून खेळवली की पुढे कोणी उरलंच नाही, कारण त्याच खेळाडूंना घेऊन त्याच्यानंतर आलेल्या मिहायलोविचने क्लबला खाली जाण्यापासून वाचवलं.

मग बेनेव्हेंतो. २०१९-२० ची सेरी बी त्याने अक्षरशः चिरडली, ८६ पॉइंट्स, सात मॅच बाकी असताना प्रमोशन पक्कं. पुढच्या वर्षी सेरी आ मधून परत खाली. पण त्या खाली जाणाऱ्या वर्षात एक संध्याकाळ अशी आली की तिच्यावर वेगळा लेख होईल. २१ मार्च २०२१, तुरिन, युव्हेंटस ० बेनेव्हेंतो १. युव्हेंटसच्या आर्थुरने स्वतःच्याच बॉक्ससमोरून आडवा पास दिला, बेनेव्हेंतोच्या गाइचने तो उचलला आणि गोल केला. पलीकडच्या बाकावर कोण होतं? पिर्लो! अथेन्सच्या त्या फ्रीकिकवाला पिर्लो. युव्हेंटसने ऑगस्ट २०२० मध्ये लीग जिंकून दिलेल्या कोचला काढलं होतं, आणि तो कोच म्हणजे तोच सार्री, २४ वर्षं पायऱ्या चढलेला. त्याच्या जागी त्याच दिवशी पिर्लोला बसवलं. पिर्लोला तोपर्यंत कुठल्याही टीमच्या एकाही मॅचला कोच म्हणून उभं राहायचा अनुभव नव्हता, नऊच दिवसांपूर्वी त्याला क्लबच्या २३ वर्षांखालच्या टीमचा कोच नेमलं होतं, ती टीम घेऊन मैदानात उतरायच्या आतच बढती. वरचं लायसन्स देणारी परीक्षासुद्धा त्याने नेमणुकीनंतर, सप्टेंबरमध्ये पूर्ण केली. सलग नऊ वर्षं लीग जिंकणारा क्लब त्या वर्षी चौथा आला. दोन कप जिंकूनही मे महिन्यात पिर्लोला निरोप, आणि पुढे हाच पिर्लो साम्पदोरिआला घेऊन सेरी बी मध्ये धडपडताना दिसला. तेव्हा त्या तुरिनच्या संध्याकाळी मला आनंद झाला तो बेनेव्हेंतोसाठी, पण पिर्लोचा चेहरा बघून पोटात तुटलं, कारण २०१४-१५ चा पिप्पोच पुन्हा तिथे उभा होता.

पुढचे क्लब भराभर सांगतो. ब्रेशामध्ये पिप्पोच्या करारात अट होती की टीम वरच्या आठांत असेल तर काढता येणार नाही, मालक चेल्लिनो कोच बदलण्यासाठीच प्रसिद्ध, त्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये तरी काढायचा प्रयत्न केला, ती अट आडवी आली म्हणून परत घ्यावं लागलं, आणि मार्चमध्ये शेवटी काढलंच. रेज्जिनाला पॉइंट्स कापले गेले असतानाही प्लेऑफपर्यंत नेलं आणि उन्हाळ्यात तो क्लबच पैशाच्या भानगडीत लीगबाहेर गेला. सालेर्निताना, हो, जिथे एकेकाळी सिमोने जाणार होता तिथेच, चार महिने.

इथे कोणी म्हणेल की चला, म्हणजे हा सेरी बी चाच कोच आहे, सेरी आ त्याला झेपत नाही, मग मिलानला कशाला दोष? शक्य आहे. आकडे बघितले तर सेरी आ मधलं त्याचं प्रत्येक वर्ष पडझडीचं आहे हे मान्यच करायला पाहिजे. पण पोहायला शिकायच्या आधी ज्याला खोल विहिरीत ढकलला, त्याची पाण्याशी जी काही गाठ बसली ती तशीच राहिली, तर त्यावरून त्याला मुळात पोहता आलंच नसतं असं कसं म्हणणार? नीट क्रमाने वर आलेला पिप्पो कसा झाला असता हे आता कोणालाच कळणार नाही. माझी तक्रार याच गोष्टीची आहे.

उलट बाजूची उदाहरणं आहेत आणि ती मी टाळत नाही. इटालियन स्ट्रायकर व्हिआलीला फेब्रुवारी १९९८ मध्ये चेल्सीने खेळता खेळताच कोच केलं, वय ३३, आणि त्याच सीझनला त्याने दोन कप जिंकले, पुढे २००० मध्ये एफए कपही. पण त्याच्या आधीचा कोच गुलिटला काढलं तेव्हा चेल्सी लीगमध्ये दुसऱ्या नंबरवर होतं, व्हिआलीला भरलेलं ताट मिळालं आणि तो ताटाला जागला, ते श्रेय त्याचंच. मान्चिनी, तोही जुना स्ट्रायकर, २००१ मध्ये कोच म्हणून थेट फिओरेन्तिनाला गेला आणि इटालियन कप जिंकला, तरी तो त्याआधी लाझिओत कोच एरिक्सनच्या हाताखाली होता. आणि आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण म्हणजे मातेराझ्झी. डिफेंडर, पण २००६ चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या इटलीच्या त्याच टीमचा. आपल्या आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीग) चेन्नईयनने २०१४ मध्ये त्याला खेळाडू आणि कोच दोन्ही म्हणून आणलं, अनुभव शून्य, आणि डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलची फायनल. एफसी गोवा ८७ व्या मिनिटाला २-१ ने पुढे, स्टेडियममध्ये जल्लोष सुरू, आणि तिथून शेवटच्या मिनिटांत दोन गोल खाऊन ३-२ ने हरले. गोवेकरांना ती रात्र अजून टोचते. तर मातेराझ्झी जिंकला, खरंय. पण आठ टीमची, दोन-अडीच महिन्यांची लीग होती ती, आणि पुढच्याच वर्षी तोच कोच असताना चेन्नईयन आठांत सातवं आलं. लीगच्या पहिल्या वर्षांत आपल्याकडेही नावांचाच बाजार होता, दिल्लीला देल पिएरो, पुण्याला त्रेझेगे, बालेवाडीला मॅच बघायला जाताना आपणही नाव बघूनच गेलो. मी पण. सुरुवातीला लोक जमवायला ते चालून गेलं असेल, पण आपल्या गावागावांत जे लोक १५-२० वर्षं शाळेच्या मैदानांवर पोरांना शिकवतायत त्यांनी त्यातून काय समजायचं?

म्हणून माझं म्हणणं असं आहे की लायसन्ससाठी वर्गात किती तास बसला एवढंच बघू नये. पहिल्या डिव्हिजनच्या क्लबचा मुख्य कोच व्हायचं तर कुठल्या तरी खालच्या लीगमध्ये, किंवा बी टीमबरोबर, मोठ्या माणसांची टीम किमान दोन सीझन सांभाळलेली असली पाहिजे, असा नियमच फेडरेशनने करावा. वर्ल्ड कप जिंकला असेल तरी सूट नाही. लोक म्हणतात क्लब खाजगी आहेत, त्यांनी कोणाला नेमायचं ते ते ठरवतील. पण लायसन्सची अट आजही आहेच ना, मग त्यात अजून एक अट वाढली तर आभाळ कोसळणार नाही. आणि यात सगळ्यात आधी वाचेल तो खेळाडूच, कारण क्लबने बोलावलं तर नाही म्हणणं त्याला शक्य नसतं. ज्या क्लबासाठी ११ वर्षं घाम गाळला त्याच्या मालकाने हाक मारल्यावर पिप्पो काय सांगणार होता, की साहेब, मला अजून येत नाही? नियम असता तर ते त्याच्या वतीने नियमाने सांगितलं असतं.

पिप्पो अजून थांबलेला नाही. २०२४-२५ मध्ये त्याने पिसाला सेरी बी मध्ये दुसऱ्या नंबरवर आणलं आणि ३४ वर्षांनी तो क्लब सेरी आ मध्ये गेला. एवढं सगळं झाल्यावर तो पिसाबरोबर वर गेला नाही, पालेर्मोला गेला, पुन्हा सेरी बी मध्ये, पुन्हा एका मोठ्या शहराला वर काढायच्या कामावर. आणि पिसाने त्याच्या जागी आणला जिलार्दिनो, तोही २००६ चा, तोही स्ट्रायकर, त्या स्पर्धेत तर पिप्पोपेक्षा जास्त खेळलेला. जिलार्दिनोने सुरुवात केली होती चौथ्या डिव्हिजनमधल्या रेझातो नावाच्या छोट्याशा क्लबपासून, मग प्रो व्हेर्चेल्ली, मग सिएना, मग जेनोआची ज्युनियर टीम, आणि २०२३ मध्ये जेनोआला सेरी आ मध्ये नेल्यावर पुढच्या सीझनला अकरावा नंबर. वर्ल्ड कप जिंकलेला माणूस रेझातोच्या मैदानावर शिकवत उभा होता तेव्हा कोणी कॅमेरे घेऊन तिथे गेलं नव्हतं.